स्प्रिंटमध्ये काम घेण्याआधी तास मोजा

सॉफ्टवेअर टीमनं दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या कामाच्या फेरीत, दहा कामं घेतली, सहा झाली, चार पुढं ढकलली. पुढच्या स्प्रिंटमध्येही तेच. अशा टीमला वरून सहसा 'स्पीड वाढवा' एवढंच ऐकवलं जातं. पण स्पीडचा इथं फारसा संबंध नसतो. गडबड प्लॅनिंगच्या बैठकीतच झालेली असते. माणशी रोज आठ तास आणि दहा दिवस धरून काम भरलेलं असतं आणि तेवढे तास टीममध्ये कुणाकडेच नसतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या पाच-सात जणांच्या टीमना याचा चटका जास्त बसतो, कारण सपोर्टला वेगळी माणसं नसतात. जो कोड लिहितो तोच ग्राहकाचा फोन उचलतो.

पुढचं उदाहरण लातूरच्या बाजार समितीतल्या आडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कल्पित टीमचं आहे: चार डेव्हलपर, एक टेस्टर, एक लीड. आकडे तुमचे टाका, रीत हीच ठेवा.

किती दिवसांचं चक्र, कोणत्या वारी सुरू

स्प्रिंटनं काम करायच्या पद्धतीला स्क्रम म्हणतात. तिच्या नियमपुस्तिकेप्रमाणे, म्हणजे स्क्रम गाइडप्रमाणे, स्प्रिंट एक महिन्याचा किंवा त्याहून लहान असावा. छोट्या टीमला दोन आठवडे बहुधा सोयीचे पडतात. एका आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये बैठकांचा बोजा जाणवतो आणि एक सुट्टी आली की पाचवा हिस्सा गेला. महिन्याचा स्प्रिंट घेतला तर चूक कळेपर्यंत तीन आठवडे उलटलेले असतात. ग्राहक रोज मागणी बदलत असेल तर मात्र आठवड्याचाच घ्या.

सुरुवात सोमवारी करू नका. शनिवार-रविवारला जोडून गावी गेलेली माणसं सोमवारी दुपारपर्यंत परतत असतात आणि दोन दिवस साठलेले ग्राहकांचे फोनही सोमवारीच येतात. बुधवारी सुरू करून पुढच्या पुढच्या मंगळवारी संपवा. शेवटचा दिवस शुक्रवारी येत नाही, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी घाईनं रिलीज करून शनिवारी निस्तरत बसणंही टळतं.

प्लॅनिंगच्या आधी कॅलेंडर भरा

सरकारी सुट्ट्यांची यादी भिंतीवर असतेच, पण माणसं त्या यादीप्रमाणे गैरहजर राहत नाहीत. भाद्रपदात महालक्ष्म्या असल्या की घरटी दोन-तीन दिवस जातात, मग ऑफिसची सुट्टी एक असो वा नसो. लातूर, धाराशिवकडच्या माणसाला येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात जावंच लागतं. बैलपोळा, गावची जत्रा, जूनमधली पेरणी, ऑक्टोबरमधली सोयाबीनची काढणी, मेमधली लग्नं हे सगळं आधीच माहीत असतं. तरी प्लॅनिंगमध्ये कुणी बोलत नाही आणि रजेचा अर्ज आदल्या दिवशी येतो. म्हणून विचारायचं ते "रजा आहे का" असं नाही, तर "या दोन आठवड्यांत गावी जायचंय का, घरी काही आहे का" असं. उत्तरं वेगळी येतात.

घरून काम करणारे असतील तर वीज आणि पाणी हेही कॅलेंडरवर घ्या. महावितरण देखभालीसाठी ज्या वारी वीज बंद ठेवतं त्या वारी डेमो ठेवू नये. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या भागात पाण्याच्या दिवशी माणूस सकाळी हजर नसणार. त्यावर रागावून उपयोग नाही, डेली बैठक अकराला ठेवा.

मग ग्राहकाचं कॅलेंडर. व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख या दोन्हींच्या आधीचे दोन-तीन दिवस फोन थांबत नाहीत. दरमहा रिटर्न भरणारा प्रत्येक ग्राहक त्याच दिवसांत जागा होतो. आडतीच्या सॉफ्टवेअरला तोच ताण सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा येतो. त्या काळात बिलाच्या हिशेबाला हात लावणारा मोठा बदल घेऊ नका, रिपोर्टसारखं बाजूचं काम घ्या.

तासांचा हिशेब

ऑफिस आठ तासांचं असलं तरी त्यातले सलग कामाचे तास पाच धरा. उरलेल्या तीनात डेली बैठक, दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू, मेसेज, चहा, मशीन अडकणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना जाणारा वेळ हे सगळं येतं. पाच हा आकडा कमी वाटतो त्यांनी एक आठवडा प्रामाणिकपणे नोंद ठेवून बघावी. साडेपाच निघाले तर साडेपाच धरा.

आता आपला स्प्रिंट: दहा कामाचे दिवस, त्यातली एक सुट्टी, उरले नऊ. प्लॅनिंग ३ तास, झालेलं काम दाखवायचा रिव्ह्यू १, कामाच्या पद्धतीत काय सुधारायचं ते ठरवायची बैठक म्हणजे रेट्रो १ आणि पुढच्या कामांच्या चर्चेचे २, असे माणशी ७ तास जातात. सोपं म्हणून त्याचा एक पूर्ण दिवस वजा करा. राहिले आठ.

पहिला डेव्हलपर पूर्णवेळ: ८ दिवस, ४० तास.
दुसऱ्याला महालक्ष्म्यांसाठी दोन दिवस गावी जायचंय: ६ दिवस, ३० तास.
तिसऱ्याकडे या स्प्रिंटची सपोर्टची पाळी: निम्मा वेळ फोनवर, २० तास.
चौथा महिनाभरापूर्वी रुजू झालाय: निम्मे धरा, २० तास.

एकूण ११० तास. माणशी आठ तास, दहा दिवस असा सरसकट गुणाकार केला असता तर ३२० आले असते. टीम 'मागं पडते' ती या दोन आकड्यांमधल्या दरीत.

नव्या माणसाचे २० तास धरताना जुन्या एकाचे त्याला शिकवण्यात जाणारे तास विसरले जातात. पहिले दोन महिने तेही वजा करायला हवेत; इथं ते काम लीड करतोय असं धरलंय. लीडचे तास म्हणूनच या बेरजेत घेतलेच नाहीत. ग्राहकाशी बोलणं, रिव्ह्यू आणि नव्याला बसवणं यातच त्याचा दिवस जातो. लीडच्या नावावर वेळेच्या बांधणीतलं काम टाकलं तर हमखास तेच शेवटी अडकतं.

११० मधून अचानक येणाऱ्या कामासाठी १५ टक्के मोकळे ठेवा. राहिले साधारण ९४. सपोर्टची पाळी लावली नसेल तर १५ पुरत नाहीत, ३० ठेवा. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये यादीबाहेरचं काम किती आलं ते मोजलं की तुमचा स्वतःचा टक्का मिळतो.

इथं बरेच जण थांबतात आणि टेस्टरला विसरतात. आपल्या टेस्टरची एक दिवस रजा आहे: ७ दिवस, ३५ तास, १५ टक्के काढून ३०. डेव्हलपरच्या तीन तासांना टेस्टिंगचा एक तास हे सुरुवातीचं प्रमाण धरलं, त्यात दुरुस्तीनंतरची फेरतपासणीही आली, तर ९४ तासांच्या कामाला ३१ तास लागतात आणि आहेत ३०. म्हणजे ९० तासांचंच काम घ्या. हिशेब जमला तरी वेळ जुळायला हवी. सगळी कामं आठव्या दिवशी संध्याकाळी टेस्टिंगला आली तर ते ३० तास कागदावरच राहतात. नऊ दिवसांच्या स्प्रिंटमध्ये शेवटचं काम सातव्या दिवसाअखेर टेस्टरच्या हातात पडलं पाहिजे आणि पहिलं तिसऱ्या दिवशी. पहिलं काम सहाव्या दिवसापर्यंत पोचलं नाही तर कामं मोठी फोडली गेलीत असं समजा.

काम फोडताना

आडत दुकानदाराची मागणी अशी येते: "शेतकऱ्याची पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर गेली पाहिजे." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. बोर्डावर, म्हणजे टीमच्या कामांच्या फळ्यावर, ही एक ओळ. तिचे तुकडे करताना 'डेटाबेस, मग एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणारा कोड), मग स्क्रीन' असे आडवे काप घेऊ नका. स्प्रिंट संपताना डेटाबेस आणि एपीआय तयार असतात, स्क्रीन अर्धी असते आणि दुकानदाराला दाखवायला काहीही नसतं. उभे काप घ्या. प्रत्येक काप स्वतंत्रपणे वापरता आला पाहिजे:

एका शेतकऱ्याची, एकाच मालाची पट्टी स्क्रीनवर, वजन, भाव आणि रक्कम: १० तास.
हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा करणं: ८ तास.
तीच पट्टी मराठीत पीडीएफ म्हणून: १४ तास.
व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं: १२ तास.
चुकलेली पट्टी रद्द करून दुरुस्त काढणं: १० तास.

बेरीज ५४. आता एकेका कापाजवळ जाऊन बघा, कारण अंदाज चुकतात ते इथं. पहिला काप सोपा दिसतो. वजन १२ क्विंटल ३७ किलो, भाव क्विंटलला ४,३५० रुपये, तर रक्कम ५३,८०९ रुपये ५० पैसे. हे पन्नास पैसे वर धरायचे, सोडायचे की तसेच छापायचे? हमाली पोत्यावर की क्विंटलवर? अर्ध्या पोत्याची किती? दोन दुकानांची उत्तरं वेगळी निघाली तर आठ तासांचं काम वीसवर जातं, कारण सेटिंगची स्क्रीन लागते. हे प्रश्न प्लॅनिंगच्या आधी, दुकानात जाऊन, जुन्या दहा-पंधरा पट्ट्या समोर ठेवून सोडवायचे. त्यातल्या दोन अवघड पट्ट्या टेस्टरकडे द्यायच्या: हा कागद जसाच्या तसा निघाला की काम झालं. लांबलचक लेखी रिक्वायरमेंटपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

तिसऱ्या कापात खड्डा आहे तो मराठी पीडीएफचा. कित्येक पीडीएफ लायब्ररी अक्षरं ओळीनं मांडतात, जोडाक्षरं जुळवत नाहीत. 'क्विंटल' लिहिलं की जोडाक्षर सुटतं आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या ठिकाणी जाऊन बसते. इंग्रजी नमुन्यावर चाचणी केली तर हे दिसतच नाही, डेमोला दुकानदाराच्या नावात दिसतं. एचटीएमएल तयार करून क्रोमच्या इंजिनातून पीडीएफ काढणं हा एक मार्ग आहे, पण सर्व्हरची मेमरी त्याला पुरेल का ते बघावं लागतं. अशा अनोळखी कामाला थेट तासांचा अंदाज देऊ नका. आधी ६ तासांचं शोधकाम लावा, ज्याला स्पाइक म्हणतात. सहा तास संपले की थांबायचं आणि पानभर उत्तर लिहायचं: कोणती लायब्ररी, काय चाललं, काय नाही. खरं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये. शोधकाम आणि खरं काम एकाच स्प्रिंटमध्ये ठेवलं की शोधकाम पसरत जातं.

चौथा काप तुमच्या हातातच नाही. व्यवसायानं स्वतःहून पाठवायच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा टेम्प्लेट आधी मेटाकडून मंजूर व्हावा लागतो. एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट नोंदवावे लागतात. प्ले स्टोअरचा रिव्ह्यू, बँकेचं पेमेंट गेटवे यांचंही तेच. ज्या कामाची मंजुरी बाहेरच्या कुणाकडे अडकू शकते ते मंजुरी हातात आल्यावरच स्प्रिंटमध्ये घ्यायचं. अर्ज करणं हे वेगळं, एक तासाचं काम. ते एक स्प्रिंट आधी करून टाका. तोपर्यंत दुकानदार तयार झालेली पीडीएफ स्वतःच्या फोनवरून पाठवेल, त्याचं अडत नाही.

अंदाज कुणाचा

जो काम करणार त्यानं अंदाज द्यायचा. लीडनं आकडा आधी बोलू नये, कारण एकदा "हे दोन दिवसांचं असेल ना?" असं म्हटलं की नवा मुलगा चार दिवस म्हणूच शकत नाही. 'सर म्हणतात तर होईल' ही आपल्याकडची सवय अंदाजाचा सगळ्यात जास्त घात करते. प्लॅनिंग पोकर याच अडचणीवर आहे. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ही रीत मांडली. सगळ्यांनी १, २, ३, ५, ८, १३ यातलं एक पान एकाच वेळी उलटायचं. हे आकडे तास नव्हेत, कामाचा आकार दाखवणारे पॉइंट. कुणी २ काढलं, कुणी ८, तर सरासरी ५ काढून पुढं जाऊ नका. दोघांनाच बोलतं करा. आठवाल्याला जुना डेटा बदलावा लागणार हे दिसलेलं असतं किंवा दोनवाल्याला तयार कोड माहीत असतो. ८ च्या वरचं काम फोडल्याशिवाय स्प्रिंटमध्ये घ्यायचं नाही.

पॉइंट की तास? स्क्रम गाइडनं पॉइंटची सक्ती कुठंच केलेली नाही. नव्या टीमनं पहिले तीन स्प्रिंट तासांवर चालवावेत आणि सोबत पॉइंट नुसते लिहून ठेवावेत. मग मागच्या तीन स्प्रिंटचे पूर्ण झालेले पॉइंट बघा. २१, १४, १९ आले असतील तर सरासरी १८. पुढचा स्प्रिंट १८ चा, पण रजा किंवा सण असेल तर १४ च्या आसपास. अर्धवट कामाचे पॉइंट शून्य, 'नव्वद टक्के झालं' याचेही शून्य. राहिलेलं काम आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ओढू नका. ते यादीत परत टाका आणि उरलेल्या तासांचा नवा अंदाज घ्या. कधी कधी दुकानदाराला ते आता नकोच असतं.

दोन टीमच्या पॉइंटची तुलना मॅनेजमेंटनं सुरू केली की तीनचं काम महिन्याभरात पाचचं होतं. आकडा चढतो, काम तेवढंच. ही तुलना मागणाऱ्याला आकडेच देऊ नयेत, हे आमचं मत.

'झालं' म्हणजे काय

हे भिंतीवर लिहा: दुसऱ्यानं कोड पाहिला, टीमच्या एकत्रित कोडच्या मुख्य शाखेत गेला, टेस्ट सर्व्हरवर टेस्टरनं तपासला, जुन्या डेटावर चालवून बघितला, आणि दुकानातला मुनीम वापरतो तसल्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मंद नेटवर उघडला. शेवटचं कलम गाळलं जातं आणि तक्रार तिथूनच येते.

स्प्रिंट चालू असताना

डेली बैठक १५ मिनिटांची, बोर्डाच्या उजव्या टोकाकडून. संपत आलेलं काम आधी, 'सुरू करायचंय' सगळ्यात शेवटी. चार डेव्हलपरना एका वेळी तीनच कामं उघडी ठेवू द्या. चौथ्यानं कुणाला तरी हात द्यायचा किंवा रिव्ह्यू करायचा. यामागं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं गणित आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं. आठवड्याला तीन संपत असतील आणि सहा उघडी असतील तर प्रत्येकाला सरासरी दोन आठवडे, म्हणजे अख्खा स्प्रिंट. तीनच उघडी ठेवली तर एक आठवडा.

पाचव्या दिवशी बोर्ड बघा. एक तृतीयांश काम 'झालं' मध्ये नसेल तर त्याच दिवशी एक काम बाहेर काढा आणि ग्राहकाला कळवा. नवव्या दिवशी कळवलं तर तो चिडतो, पाचव्या दिवशी बहुधा "बरं, मग ते आधी द्या" म्हणतो.

मधेच फोन येतोच: "अहो सर, एवढं एकच करून द्या, पाच मिनिटांचं तर काम आहे!" नाही म्हणू नका आणि होही म्हणू नका. "करतो की शेठ. त्याच्या बदल्यात यातलं काय मागं ठेवू?" असं विचारा आणि त्याच मापाची दोन कामं वाचून दाखवा. निम्म्या वेळा मागणी पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबते. पट्टीच निघत नाही, रक्कम चुकतेय, असं असेल तर सौदा नाही. सपोर्टच्या पाळीवरच्यानं तिथंच हातातलं सोडायचं. म्हणून तर त्याचे २० तास आधीच वजा केले होते.

हे सगळं टिकायला स्प्रिंटचं एका ओळीचं उद्दिष्ट लागतं. 'वजावटीसह बरोबर पट्टी स्क्रीनवर निघावी' असं. काय मागं ठेवायचं हा प्रश्न आला की त्या ओळीकडे बघायचं. रेट्रोत एकच बदल ठरवा, त्याला तास द्या आणि बोर्डावर काम म्हणून लावा, नाहीतर तो पुढच्या रेट्रोत पुन्हा निघतो.

"पूर्ण कधी होईल?"

एक तारीख देऊ नका, दोन द्या. यादीत १२० पॉइंटचं काम उरलंय. सरासरी नीट बसलेल्या टीमचे अलीकडचे स्प्रिंट १४ ते १९ मध्ये फिरतायत. १२० भागिले १९ म्हणजे ७ स्प्रिंट, १२० भागिले १४ म्हणजे ९. ग्राहकाला सांगायचं, १४ ते १८ आठवडे. सोयाबीनच्या हंगामाआधी हवंच असेल आणि हातात बाराच आठवडे असतील, तर सहा स्प्रिंट गुणिले १४ म्हणजे ८४ पॉइंट. यादीतले वरचे ८४ तोडून वेगळे दाखवा आणि खाली रेघ मारा. रेघेखालच्या ३६ मधलं एखादं वर हवं असेल तर वरचं तेवढंच खाली येणार. माणसं वाढवून हे भरून निघेल असं ग्राहकाला सांगू नका. बारा आठवड्यांत नवा माणूस तयार होईपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो आणि जुन्यांचेही तास खाल्लेले असतात. प्रत्येक रिव्ह्यूनंतर हाच भागाकार नव्या आकड्यांनी करा आणि बदललेली तारीख त्याच दिवशी ग्राहकाला पाठवा.